शस्त्रक्रियेनंतरची हाताची सूज

लहानपणी पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येई, हे बहुतेक वाचकांस आठवत असेल. पायाच्या जखमेचा जांघेशी संबंध काय? तो संबंध लसीकेचा होय.

रक्त शरीरभर फिरत असता त्यातील थोडा द्रव केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतो. हा जास्तीचा द्रव परत नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या. रक्त हा मळ्याला पाणी देणारा पाट मानला, तर लसीकावाहिनी हा जादा पाणी काढून नेणारा चर होय. वाटेत काखेत, जांघेत व मानेत गाळणीसारख्या ग्रंथी असतात, आणि शेवटी हा द्रव मानेच्या तळाशी पुन्हा रक्तास मिळतो. मात्र या चराला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे आकुंचन, स्नायूंची हालचाल व श्वासोच्छ्वास यांवरच तो वाहतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी पुष्कळदा काढाव्या लागतात. किरणोपचारानेही वाहिन्यांना इजा पोहोचते. मग हातातील पाणी तुंबते. ही सूज काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी येते. आमच्या थोरल्या आपांना ती दीड वर्षाने आली. प्रथम बांगड्या रुतू लागल्या, मग बाही चढेना. घरच्यांनी तेल लावून जोराने चोळले, तेव्हा हात अधिकच दुखू लागला. कुणास सांगावे या संकोचाने आपा सात महिने गप्प राहिल्या. आम्ही शाळेत मुलांना शरीरशास्त्र शिकवीत होतो. घरातला हात मात्र आम्हांस दिसला नाही. ही खंत अजून जात नाही.

या सुजेवर जो हलका मर्दनोपचार करतात, त्याची पद्धत डेन्मार्कचे एमिल व एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने बसविली आणि १९३६ साली पॅरिस येथे लोकांपुढे मांडली. यात जोर नसतो. सूक्ष्म वाहिन्या त्वचेलगतच असल्याने कातडी किंचित ताणली जाईल इतकाच दाब पुरतो. शिवाय आरंभ सुजलेल्या हातापासून होत नाही. आधी मान व दुसरी काख, नंतर दंड, आणि सर्वांत शेवटी मनगट व बोटे. चर उपसताना शेतकरी पुढचे तोंड आधी मोकळे करतो, तोच हा न्याय.

परंतु नुसत्या मर्दनावर विसंबू नये. खरा आधार दाबाच्या पट्ट्यांचा व पुढे तशाच बाहीचा असतो. पट्टी पंजाकडे घट्ट व वर सैल बांधतात. ती बांधून हात हलविला की स्नायू पंपाचे काम करतात. सुजलेल्या हाताने जड उचलूच नये, अशी पूर्वी समजूत होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात देखरेखीखाली हळूहळू वाढविलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढली नाही, असे दिसून आले.

त्वचेची निगा हे चौथे अंग. चिरणे, भाजणे, काटा टोचणे टाळावे. जखम झालीच तर लगेच धुवावी. हात लाल व गरम होऊन ताप आल्यास मर्दन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शिरेत रक्ताची गुठळी झाली असता किंवा हृदय दुर्बल असता हा उपचार डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये. सूज एकाएकी आल्यास तर तिचे कारण आधी तपासून घ्यावे.

ही सूज बहुधा समूळ जात नाही, पण ताब्यात राहते. आणि जितक्या लवकर उपचार, तितका गुण अधिक. उशीर झाल्यास कातडी जाड व कठीण होते. आपांचा हात आज पूर्वीसारखा नाही, तरी त्या त्याच हाताने पीठ मळतात. आमच्या ट्रस्टच्या प्रत्येक कुटुंबास एवढीच विनंती: शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या भगिनीस, “बांगडी रुतते का?” असे अधूनमधून विचारीत जावे.