हेलिकॉप्टरने हिमनदीवर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्यांवर हेलिकॉप्टरने उतरून, वाटाड्याच्या मागोमाग दोन-तीन तास बर्फावर चालण्याच्या सफरीला ‘हेली-हाइक’ म्हणतात. ही सफर चैनीची वाटली, तरी आज ती त्या बर्फावर पाऊल ठेवण्याचा पर्यटकांसाठी उरलेला एकमेव व्यवहार्य मार्ग आहे. 2012 पर्यंत फ्रान्झ जोसेफच्या दरीतून पायी जाऊन थेट हिमनदीवर चढता येत असे. पुढे हिमनदीचे टोक झपाट्याने मागे सरकले, त्याच्या आसपासचा भाग ढासळू लागला आणि पायी चढाई बंद करावी लागली. हेलिकॉप्टरच्या सफरी त्याआधीही होत्या, मात्र तेव्हा तो अनेक पर्यायांपैकी एक होता.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी नव्हे. उंचावरील विस्तीर्ण खोलगट भागात वर्षानुवर्षे साचणारा भुसभुशीत हिम स्वतःच्याच भाराने दाबला जाऊन घट्ट बर्फ बनतो आणि तो बर्फ गुरुत्वाकर्षणामुळे उतारावरून सावकाश वाहू लागतो, त्या प्रवाहाला हिमनदी म्हणतात. फ्रान्झ जोसेफच्या बाबतीत ‘सावकाश’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो, कारण 1943 मध्ये तिच्यावर कोसळलेल्या एका विमानाचे अवशेष सुमारे साडेतीन किलोमीटर अंतर कापून साडेसहा वर्षांत तळाशी पोहोचले होते. या वेगाचे मूळ पर्जन्यात आहे: टास्मन समुद्रावरून येणारे बाष्प सदर्न आल्प्सच्या भिंतीवर अडते आणि तेथे प्रचंड हिमवर्षाव होतो. अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर अडून कोकणात कोसळताना पाहणाऱ्या वाचकाला ही यंत्रणा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. एवढ्या पुरवठ्यामुळेच ही हिमनदी सदाहरित पर्जन्यवनाच्या उंबरठ्यापर्यंत, समुद्रसपाटीपासून अवघ्या काहीशे मीटरपर्यंत उतरते.

सफरीचे खरे गमक याच कमी उंचीत आहे. ठाण्याचा टेंभी नाका समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे. तेथील रहिवाशाला हेलिकॉप्टरने एकदम चार हजार मीटरवर नेऊन सोडले, तर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ आणि प्रसंगी फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्यासारखे जीवघेणे विकार होऊ शकतात. गंगोत्री हिमनदीचे मुख असलेले गोमुख साधारण त्याच उंचीवर आहे, म्हणूनच तेथे टप्प्याटप्प्याने पायी जाणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. सियाचिनवर हेलिकॉप्टर ही लष्कराची जीवनवाहिनी असली, तरी तेथे तैनात होणाऱ्या जवानांनाही आधी शरीराला उंचीची सवय करून घ्यावी लागते. न्यूझीलंडची सोय हिमालयात जशीच्या तशी उचलून आणण्याची कल्पना त्यामुळे फोल आहे.

प्रत्यक्ष सफरीत उड्डाण काही मिनिटांचेच असते. हेलिकॉप्टरचा तोल राखण्यासाठी प्रवाशांचे वजन करून जागा ठरवल्या जातात, आणि बर्फावर उतरल्यावर बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दात्यांची चौकट, बांधली जाते. वाटाड्या कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत पुढे जातो, कारण सतत हलणाऱ्या बर्फात कालची वाट आज शिल्लक असेलच असे नाही; ताणामुळे पडलेल्या खोल भेगा कधी ताज्या हिमाखाली झाकल्याही जातात. या भेगांत दिसणारी निळाई आकाशाचे प्रतिबिंब नसते. दाबामुळे हवेचे बुडबुडे निघून गेलेला जाड बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोचू देतो.

या सफरीतील सर्वांत मोठा धोका बर्फापेक्षा हवामानाचा आहे. 21 नोव्हेंबर 2015 रोजी फॉक्स हिमनदीवर पर्यटकांचे हेलिकॉप्टर कोसळून वैमानिकासह सातही जण मृत्युमुखी पडले. ढग उतरले की उड्डाणे रद्द होतात आणि तसे वारंवार घडते, त्यामुळे रद्द झालेल्या सफरीचे पैसे परत मिळतात का, हे आरक्षणाआधीच विचारून घ्यावे. दिवाळीच्या सुट्टीत तेथे वसंत ऋतू असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर तो बराच पावसाळी असतो. तेव्हा या सुट्टीत जाणाऱ्यांनी हिमनदीच्या गावी किमान एक दिवस मोकळा ठेवावा.