ठिपकेवाल्या शार्कची ओळख नाकावरून

ब्रिटनच्या मासळीबाजारात कातडी सोललेला एक लांबट मासा 'रॉक सामन' या नावाने विकला जातो. सामन माशाशी त्याचा काहीही संबंध नाही. समुद्रतळाशी राहणाऱ्या लहान शार्कच्या निरनिराळ्या जाती या एका नावाखाली खपतात. कातडी उतरली की जात ओळखण्याच्या खुणाही जातात. म्हणूनच मासा जाळ्यातून बाहेर येताच त्याची ओळख पटणे महत्त्वाचे ठरते.

यातील दोन जाती कॅटशार्क कुळातील आहेत. मांजरासारख्या लांबट डोळ्यांमुळे या कुळाला हे नाव मिळाले. लहान ठिपक्यांचा कॅटशार्क नॉर्वेपासून सेनेगलपर्यंत आणि भूमध्य समुद्रात आढळतो. त्याची लांबी क्वचितच १ मीटरपर्यंत जाते. त्याचा मोठा भाऊबंद म्हणजे नर्सहाउंड. तो सुमारे दीड मीटरपर्यंत वाढतो. लिनियसने १७५८ मध्ये दोघांचीही शास्त्रीय नोंद केली.

नर्सहाउंडचे ठिपके सहसा मोठे असतात. परंतु रंग आणि ठिपके बदलत असल्याने केवळ त्यांवर विसंबून चालत नाही. खात्रीची खूण खालच्या बाजूस, नाकपुड्यांपाशी असते. लहान कॅटशार्कच्या नाकपुड्यांवरील त्वचेच्या झडपा रुंद असून त्या तोंडापर्यंत पोहोचतात. नर्सहाउंडच्या झडपा आखूड, एकमेकींपासून दूर आणि तोंडाच्या अलीकडेच संपणाऱ्या असतात. शिवाय त्याच्या पाठीवरील पहिला पर थोडा पुढे सुरू होतो.

कॅटशार्क दिवसा तळाशी विसावतो आणि रात्री खेकडे, कोळंबी, कालवे-शिंपल्यांच्या वर्गातील जीव, लहान मासे शोधतो. शिकार वाळूत दडलेली असली तरी त्याला सापडते. डच शास्त्रज्ञ कॅल्मिन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूखाली झाकलेला चपटा मासा या शार्कने अचूक शोधला. माशाऐवजी विद्युतअग्रे पुरली, तेव्हा त्याने त्यांवरही झडप घातली. सजीवांच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युतक्षेत्र तो टिपतो, हे त्यातून सिद्ध झाले.

कोकणच्या बाजारात येणारी लहान मुशी पिलांना जन्म देते. कॅटशार्क मात्र अंडी घालतो. चिवट पिशवीच्या कोपऱ्यांवरील लांब तंतू समुद्रशेवाळाला गुंडाळले जातात. पाण्याच्या तापमानानुसार ५ ते ११ महिन्यांनी सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे पिल्लू बाहेर पडते. रिकाम्या पिशव्या लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. ब्रिटनमधील 'शार्क ट्रस्ट' २००३ पासून नागरिकांकडून त्यांच्या नोंदी गोळा करत आहे. नर्सहाउंडची पिशवी सुमारे १० सेंटिमीटर, तर लहान कॅटशार्कची तिच्या निम्मी असल्याने येथेही जात ओळखता येते.

लहान कॅटशार्क आजही विपुल आहे. नर्सहाउंडची गणना मात्र आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने असुरक्षित जातींत केली आहे. दोघांची नोंद एकाच नावाने झाली, तर एकाची विपुलता दुसऱ्याची घट झाकून टाकते. हा धोका टाळण्यासाठी बोटीवरच मासा उलटा करून नाकाकडे एक नजर टाकणे पुरेसे असते.