जुन्या पिकअपला सायलेन्सरचा पाइप किती इंची?

आंब्याचा हंगाम संपला की रत्नागिरीत जुन्या गाड्यांची कामं निघतात. जीपच्या घडणीची, मागे हौदा असलेली महिंद्रा पिकअप असेल, तर बहुतेक वेळा पहिला नंबर सायलेन्सरचा लागतो. खारा वारा, तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस आणि गाडी मिरकरवाड्याहून मासळी भरत असेल तर हौद्यातून गळणारं बर्फाचं खारट पाणी. साध्या लोखंडी पाइपाचा यात फार दिवस निभाव लागत नाही. पाइप सडला की गॅरेजात कोणीतरी म्हणतं, “नवा टाकताच आहात तर मोठा टाका, गाडी मोकळी होईल.” दुसरा अडवतो, “नको, इंजिनाला बॅक प्रेशर लागतं.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेला वायू संथपणे वाहत नाही, धक्क्याने सुटतो. तो धक्का पाइपातून पुढे धावतो आणि आपल्यामागे कमी दाबाची जागा सोडतो. पेट्रोल इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बंद व्हायच्या आत इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. नेमक्या त्या क्षणी ही ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. पाइप गरजेपेक्षा मोठा असला की वायू रेंगाळतो, थंड होतो, आकसतो, आणखी मंदावतो. मग ही ओढ ढिली पडते. पाइप बारीक असला तर वायू तुंबतो आणि त्याला बाहेर ढकलण्यात पिस्टनची ताकद खर्च होते. म्हणजे इंजिनाला अडथळा कधीच नको असतो, त्याला वायूचा वेग हवा असतो. मोठा पाइप टाकून खालच्या गियरमधली ओढ गेली, की लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं. खरं तर गेलेला असतो वेग.

आता हिशोब. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे वर्षानुवर्षं ‘हरिकेन’ हे चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन वापरलं: 2199 सीसी, 4000 फेऱ्यांना साधारण 75 अश्वशक्ती. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणून 4000 फेऱ्यांना मिनिटाला 4400 लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाही, पाऊण ते ऐंशी टक्के भरतो. तेव्हा 3400 लिटर धरू. हीच हवा जळून मफलरपाशी 400 अंशांच्या आसपास असताना दुपटीहून जास्त फुगलेली असते. ढोबळमानाने सेकंदाला 125 लिटर वायू पाइपातून जायला हवा.

सोळा गेजच्या पत्र्याचा पावणेदोन इंची पाइप घेतला, तर आतला व्यास 41 मिलिमीटर उरतो आणि वायूचा वेग सेकंदाला 93 मीटर होतो. दोन इंचीत तो 70 मीटर, अडीच इंचीत अवघा 44. पूर्ण जोरावर सत्तर-पंचाहत्तर मीटरच्या आसपासचा वेग चांगला मानतात, म्हणजे कागदावर दोन इंच जिंकला.

पण पेट्या भरलेली जुनी गाडी 4000 फेऱ्यांवर पळवतो कोण? साखरप्याहून आंबा घाट चढताना ती दुसऱ्या गियरमध्ये दोन-सव्वादोन हजारांवर असते. वायूचा वेग तिथे निम्म्यावर येतो: अडीच इंचीत वीस-पंचवीस मीटर, आणि नेमकी जिथे ओढ हवी तिथे ती मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे. गाडी मुख्यतः घाटात आणि वाडीवस्तीच्या चढांवर चालणार असेल तर पावणेदोन पुरतो. हायवेला वाशीपर्यंत मजल मारायची असेल तर दोन घ्यावा. पेट्रोल गाडीला अडीच टाकू नये, कितीही दणदणीत आवाज आला तरी. पावणेदोनाचा दोन केला, म्हणजे दोनच सुतांचा फरक, तरी तेवढ्याच वायूला पाइपाचा अडथळा जवळपास निम्मा होतो. त्यापुढे मोठं करण्यात हाती थोडंच लागतं.

प्युजो घराण्याचं 2112 सीसी डिझेल असेल तर हिशोब थोडा बदलतो. डिझेलला थ्रॉटलची झडप नसते; पाय अर्धाच दाबला तरी ते पोटभर हवा घेतं, आणि तुंबलं की काळा धूर ओकतं. त्याला दोन इंच हाच पाया धरावा, 2523 सीसीच्या इंजिनाला सव्वादोन. टर्बो बसवलेला असेल तर टर्बोनंतरचा पाइप जितका मोकळा तितका बरा.

खरी फसगत होते ती दुकानात. सायलेन्सरचा पाइप बाहेरच्या व्यासाने मोजतात, पाण्याचा पाइप मात्र नावाच्या मापाने विकतात. नळकामाचा ‘दोन इंची’ जीआय पाइप बाहेरून 60 मिलिमीटर भरतो आणि मीटरला पाच किलोच्या आसपास, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपापेक्षा अडीच पट जड. एवढं वजन हँगरच्या रबरांना झेपत नाही. शिवाय जीआय वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. व्हर्नियर लावून आतलं-बाहेरचं माप घ्या आणि मगच पाइप कापायला सांगा.

बेंडकडेही तेवढंच लक्ष हवं. मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणारा बेंड नुसता दाबून वाकवला तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि दोन इंची पाइप त्या जागी पावणेदोनाचंच काम करतो. जुने मिस्त्री पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, तापवून सावकाश वाकवतात; गोलाई टिकते. वाळू ओली राहिली तर वाफेने बूच उडतं, म्हणून ती आधी भाजून घ्यायची. मफलरचं तोंड पाइपाएवढंच आहे ना, तेही पाहावं. बारीक तोंडाच्या मफलरपुढे मोठा पाइप फुकट.

काम झाल्यावर पारख करता येते. मफलरच्या आधी पाइपाला एक नट वेल्ड करून त्यात तांब्याची लांब नळी आणि टोकाला कमी दाबाचा गेज लावा. भरल्या गाडीने चढ चढताना, पाय पूर्ण दाबलेला असताना, काटा दोन पीएसआयच्या आत राहिला तर पाइप आणि मफलर दोन्ही योग्य आहेत. तीनच्या वर गेला तर कुठेतरी गळा आवळला आहे. बहुतेक वेळा तो पाइप नसतो, आतून ढासळलेला मफलर असतो. मफलर काढून टाकणं हा उपाय नव्हे, 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सायलेन्सर सक्तीचाच आहे.

मफलर आतून का ढासळतो? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. मारुती मंदिर ते बंदर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा मफलर तापतच नाही, ते पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. मफलरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. शेपटीचं टोक हौद्याच्या कडेबाहेर काढा, नाहीतर धूर हौद्याखाली फिरून मागच्या फटीतून केबिनमध्ये येतो.