मुंबई तुंबते तेव्हा नेमकं काय होतं?

मुंबईत पाणी भरलं की मोबाइलवर व्हिडिओ धडाधड येतात आणि खाली एकच प्रश्न असतो: नाले साफ केले नव्हते का? नालेसफाई हवीच, पण विषय तेवढ्यावर संपत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे सर्व्हर किती रिक्वेस्ट झेपवेल हे ठरलेलं असतं. त्याहून जास्त आल्या की रांग लागते. गटारांचंही तसंच. मुंबईतल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ही क्षमता ५० मिलिमीटर करायचं ठरलं. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला!

त्यात मोठी भरती असेल, तर समुद्राचं पाणी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर चढतं. मग शहरातलं पाणी बाहेर जाणार कसं? म्हणून हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी पंपिंग स्टेशन आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे बफर, थोडा वेळ थांबायची जागा. मोकळी माती, तळी, खारफुटी हे शहराचं फुकटचं बफर. त्यावर आपण काँक्रीट ओतलं. आता हिंदमाताचं पाणी साठवायला उद्यानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या.

सर्व्हर कमी पडला तर मी पाच मिनिटांत दुसरा भाड्याने घेतो. बुजवलेलं तळं तसं परत मिळत नाही. त्यामुळे तुमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉकचा विषय निघाला, तर निदान झाडांभोवतीची माती तरी मोकळी ठेवा, असं मीटिंगमध्ये नक्की सांगा.