स्पेस मारून रकाना जुळत नाही

पतसंस्थेची थकबाकीची यादी. आधी खाते क्रमांक, मग सभासदाचं नाव, मग मुद्दल, व्याज, एकूण. डॉट मॅट्रिक्सच्या काळात ती पंधरा इंची कंटिन्युअस कागदावर निघायची. इंचाला 10 अक्षरं, ओळीत 132. कुरियरसारख्या त्या ठशात इंग्रजी ‘आय’ला जेवढी जागा, तेवढीच ‘डब्ल्यू’ला. म्हणून नावाला तीस घरं, रकमेला अकरा, उरेल तिथे स्पेस, एवढ्यावर प्रोग्रामरचं भागायचं. फॉक्सप्रोमधली पॅडएल आणि पॅडआर ही फंक्शनं हेच करत.

मग लेझर प्रिंटर येतो आणि साहेबांना यादी ‘जरा बऱ्या फॉन्टात’ हवी होते. कुरियर काढून एरियल टाकलं की त्याच प्रोग्राममधून तीच यादी वेडीवाकडी बाहेर पडते. हिशेब करून पाहिला की खोड सापडते. फॉन्टाच्या मापाचे हजार भाग धरले, तर एरियलचा प्रत्येक आकडा 556 भाग रुंद. स्पेस, स्वल्पविराम आणि दशांशबिंदू मात्र 278, म्हणजे बरोबर निम्मे. आता 1,23,456.00 च्या खाली 8,450.00 छापा. अक्षरं तीन कमी, म्हणून प्रोग्राम पुढे तीन स्पेस भरतो. पण कमी पडलेत दोन आकडे आणि एक स्वल्पविराम, म्हणजे पाच स्पेसची जागा. खालची रक्कम एका आकड्याने डावीकडे सरकते आणि तिचा बिंदू वरच्या 6 च्या पोटाखाली येतो. दहा पॉइंटात हा फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण रकान्यावरून बोट फिरवत बेरीज तपासणाऱ्याला तो लगेच खुपतो.

यावरचा जुगाड ठरलेला: आकड्यामागे दोन स्पेस, स्वल्पविरामामागे एक. एरियलमध्ये तो चोख बसतो. टाइम्समध्येही बसतो, कारण तिथे आकडा 500 आणि स्पेस 250. म्हणूनच तो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात न येता कोडमध्ये राहतो. पण हा मेळ आकड्यांपुरताच. नावातल्या अक्षरांचा स्पेसशी असा काही हिशेब नाही. एरियलमध्ये छोट्या ‘आय’चे 222 भाग, मोठ्या ‘डब्ल्यू’चे 944.

स्पेस भरणं बंद करायचं, एवढाच सरळ उपाय. डेटाबेसमधून मजकूर मागचीपुढची स्पेस कापून घ्यायचा आणि रिपोर्टवर प्रत्येक फील्डला स्वतंत्र चौकोन द्यायचा. नाव डाव्या कडेला, रक्कम उजव्या कडेला. रकमेमागचं ‘सीआर’ किंवा ‘डीआर’ तिच्याच चौकोनात कोंबायचं नाही. टाइम्समध्ये ‘सी’ 667 आणि ‘डी’ 722. उजवी कड जुळते, पण आतला दशांशबिंदू केसभर हलतो. त्याला शेजारी वेगळा चौकोन. एकूणाची ओळ मात्र खुशाल ठळक करा. एरियलचे ठळक आकडेही 556 च भरतात.

देवनागरीत तर मोजणी मुळातच कोलमडते. ‘क्षीरसागर’ आपल्या डोळ्यांना पाच अक्षरं. युनिकोडमध्ये ती नऊ चिन्हं, यूटीएफ-8 मध्ये सत्तावीस बाइट. ‘कदम’ तीन अक्षरं, तीनच चिन्हं. दोघांना वीस घरांत बसवायला निघालेला प्रोग्राम क्षीरसागरांना अकरा स्पेस देतो, कदमांना सतरा. कागदावरच्या रुंदीशी दोन्हींचा संबंध नाही. आणि कापायची वेळ आली, तर पहिली दोन चिन्हं मागितल्यावर क्षीरसागरांचा नुसता पाय मोडलेला ‘क्’ उरतो. देवनागरी आकडे छापायचे असतील, तर फॉन्ट पसंत करण्याआधी ८८८८८ च्या खाली १११११ छापून पाहावं. दोन्ही ओळींच्या कडा जुळल्या नाहीत, तर तो फॉन्ट मथळ्याला ठेवावा, रकान्यात घेऊ नये.

राहता राहिली लांब नावं. जागा पुरेना की ती कापायची सवय बहुतेक प्रोग्रामांना असते, आणि मला ती अजिबात पटत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या याद्यांत आडनाव आधी येतं. ‘पाटील बाळासो रामचंद्र’ आणि ‘पाटील बाळासो रामगोंडा’ दोघंही ‘राम’वर कापले, तर वसुलीला निघालेल्या माणसाने कुणाचं दार वाजवायचं? म्हणून नावाचा चौकोन मी रुंदीला पक्का आणि उंचीला मोकळा ठेवतो, रक्कम पहिल्या ओळीशी बांधून. यादी दोन-चार पानांनी वाढते, वाढू दे.