स्वतः घडवलेले की जोडीदाराकडून आलेले? तांबड्या ताऱ्यांची रासायनिक ओळख

लोखंडाहून जड असलेल्या मूलद्रव्यांपैकी सुमारे निम्मा वाटा वृद्ध तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या अंतरंगात तयार झाला, असे खगोलशास्त्रज्ञ मानतात. मात्र ज्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर ही मूलद्रव्ये दिसतात, त्यानेच ती निर्माण केली, असे गृहीत धरता येत नाही. हा भेद न पाळल्यास मूलद्रव्यनिर्मितीचा हिशेबच चुकतो.

सामान्य तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या वातावरणात कार्बनपेक्षा ऑक्सिजन अधिक असतो. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात खोलवर तयार झालेला कार्बन आणि त्यासोबत न्यूट्रॉन शोषून हळूहळू घडलेली झिर्कोनियम, बेरियम यांसारखी मूलद्रव्ये पृष्ठभागावर येऊ लागतात. कार्बन ऑक्सिजनच्या बरोबरीला येऊ लागला, की वर्णपटात झिर्कोनियम ऑक्साइडचे पट्टे ठळक होतात. हे ‘एस’ वर्गाचे तारे. कार्बन वरचढ ठरला, की तो कार्बन तारा. शशक तारकासमूहातील गडद लाल आर लेपोरिस हे त्याचे उदाहरण.

येथवर क्रम सरळ आहे. विल्यम बिडेलमन आणि फिलिप कीनन यांनी १९५१ मध्ये वेगळ्या ओळखलेल्या बेरियम ताऱ्यांनी तो विस्कटला. हे तारे त्या अखेरच्या टप्प्याला पोहोचलेलेच नव्हते. तरीही त्यांच्यात बेरियम मुबलक होते. रॉबर्ट मॅक्लूर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्यांच्या वेगातील बदल मोजले, तेव्हा बेरियम तारे जोडताऱ्यांचे घटक असल्याचे दिसून आले. जोडीदार एकेकाळी स्वतः राक्षसी तारा होता. आपले द्रव्य शेजाऱ्याला देऊन तो श्वेत बटू बनला. जुन्या, धातूंचे प्रमाण कमी असलेल्या ‘सीएच’ ताऱ्यांचीही कथा अशीच आहे.

मग ‘एस’ वर्गातील घडवणारे आणि घेणारे तारे वेगळे कसे करायचे? याचे उत्तर टेक्नेशियम देते आणि या साऱ्या प्रकरणातील सर्वांत देखणा पुरावाही तोच आहे. पॉल मेरिल यांनी १९५२ मध्ये ‘एस’ ताऱ्यांच्या वर्णपटात हे मूलद्रव्य ओळखले. त्याचे एकही समस्थानिक स्थिर नाही. ताऱ्यांत तयार होणाऱ्या टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे. ताऱ्याच्या आयुर्मानापुढे हा काळ नगण्य असल्याने, टेक्नेशियम दिसले म्हणजे निर्मिती त्याच ताऱ्यात आणि अलीकडेच झालेली असते. जड मूलद्रव्ये आहेत, पण टेक्नेशियम नाही, अशा ‘एस’ ताऱ्याभोवती श्वेत बटूचा शोध घेतला जातो.

लिथियमसमृद्ध राक्षसी ताऱ्यांना मात्र ही कसोटी लागू होत नाही. सुमारे २५ लाख अंश तापमानात लिथियम नष्ट होते. त्यामुळे राक्षसी अवस्थेत ते अत्यल्प उरायला हवे. तरीही शंभरात एखाद्या ताऱ्यात ते भरपूर आढळते. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील ईश्वर रेड्डी यांचा सहभाग असलेल्या २०२० मधील अभ्यासाने कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांत गाभ्यातील हेलियम पेटण्याच्या सुमारास लिथियम तयार होत असल्याचे सूचित केले. ते पृष्ठभागापर्यंत नेमके कसे पोहोचते, यावर मतभेद आहेत.