नाताळची तारीख : एका हरवलेल्या पोथीची साक्ष

नाताळचा सण २५ डिसेंबरासच कां, असा प्रश्न मुलें विचारतात, आणि मुलांकरितां लिहिलेल्या पुस्तकांत त्याचें उत्तर बहुधा दोन वाक्यांत उरकलेलें असतें. रोमन लोक त्या दिवशीं सूर्याचा उत्सव करीत. ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनीं तोच दिवस घेऊन त्यास ख्रिस्तजन्माचें नांव दिलें. उत्तर सुटसुटीत आहे व ऐकणाराचें समाधान करणारें आहे. पण हें विधान कोणत्या कागदावर उभें आहे, तो कागद केव्हांचा, त्याची अस्सल प्रत कोठें आहे, असे आपल्या संशोधकांच्या संवयीचे प्रश्न त्यास विचारूं लागलें म्हणजे प्रकरण निराळें दिसूं लागतें. जुन्या पोथ्यांचा व्यासंग असलेल्या वाचकांस हा पुरावा मुळापासून पाहणें मनोरंजक वाटेल, म्हणून तो येथें मांडीत आहों.

प्रथम शब्दाविषयीं. मराठींतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नताल’ यावरून आला, व त्याचें मूळ लॅटिन ‘नातालिस्’, म्हणजे जन्माचा अथवा जन्मदिवस. वास्को द गामा इ. स. १४९७ च्या नाताळांत आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून गेला त्यास त्यानें हेंच नांव दिलें, व पुढील मे महिन्यांत तो कालिकतास पोंचला. प्राचीन रोमांत मात्र ‘नातालिस्’ केवळ माणसाच्या जन्मदिवसास म्हणत नसत. बादशहाचा जन्मदिवस, देवालयाच्या प्रतिष्ठेचा दिवस, फार काय रोम शहराच्या स्थापनेचा २१ एप्रिल हा दिवस, या सर्वांस हा एकच शब्द लागे. आणि पंचांगांत तो पुरा न लिहितां त्याचें आद्याक्षर तेवढें लिहीत. हें आद्याक्षर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील वादाचें बीज त्यांतच आहे.

आतां मुख्य पुराव्याकडे वळूं. इ. स. ३५४ मध्यें रोम येथें व्हॅलेंटिनस नांवाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाकरितां एक सचित्र संग्रहग्रंथ तयार करण्यांत आला. त्याचा लेखक फ्यूरियस डायोनिसियस फिलोकालुस हा त्या काळचा नामांकित सुलेखनकार होय. पुढें दमासस या पोपानें हुतात्म्यांच्या समाध्यांवर जे लेख बसविले त्यांचीं सुंदर अक्षरें यानेंच घडविलीं. ग्रंथांत बारा महिन्यांचें पंचांग, कॉन्सल नांवाच्या वार्षिक अधिकाऱ्यांची नामावळी, रोमच्या धर्माध्यक्षांच्या व हुतात्म्यांच्या स्मरणदिनांच्या याद्या आणि असेच आणखी कांहीं प्रकार एकत्र बांधले होते. घरच्या बाडांत पंचांग, वंशावळ व स्तोत्रें एकत्र शिवलेलीं आपण पाहतों, तसाच हा प्रकार. मात्र राजेशाही थाटाचा.

ही मूळ पोथी आज नाहीं. नवव्या शतकाच्या सुमारास तिची एक नक्कल झाली होती; तीहि नाहीं. ही नक्कल सतराव्या शतकांत पेरेस्क या फ्रेंच विद्वान् संग्राहकाच्या हातीं आली. त्यानें तिचें बारकाईनें वर्णन केलें, चित्रांसह नक्कल करविली व ती रोमास पाठविली. १६३७ मध्यें पेरेस्क वारल्यावर त्याच्याजवळील जुनी प्रत कोठें गेली याचा पत्ता नाहीं. त्यानें करविलेली नक्कल मात्र व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत आहे. व्हिएन्ना, ब्रुसेल्स वगैरे ठिकाणच्या अपुऱ्या नकला तीस जोडून जर्मन पंडित मॉमसेन यानें १८५० मध्यें व पुन्हा १८९२ मध्यें या संग्रहाचा पाठ सिद्ध केला. म्हणजे जगांतील एवढ्या मोठ्या सणाच्या तारखेचा सर्वांत जुना निश्चित पुरावा आपणांस नकलेच्या नकलेवरून वाचावा लागतो. पेरेस्कनें ती नक्कल करविली नसती तर किती गेलें असतें, हें संग्राहकांस निराळें सांगावयास नको.

या ग्रंथांत २५ डिसेंबरची नोंद एके ठिकाणीं नसून तीन ठिकाणीं आहे. पंचांगांत त्या दिवसापुढें जन्मदिनाचें तें आद्याक्षर, त्यापुढें ‘अजिंक्याचा’ अशा अर्थाचा शब्द, व रथांच्या तीस शर्यती झाल्याची खूण आहे. हुतात्म्यांच्या यादींत त्याच तारखेस, अगदीं आरंभीं, यहूदियांतील बेथलेहेम येथें ख्रिस्ताचा जन्म झाला अशी नोंद आहे. आणि कॉन्सलांच्या नामावळींत इ. स. १ च्या जागीं पुन्हा तोच जन्म, वार शुक्रवार व चंद्राची पंधरावी कला, यांसह दिला आहे.

यांतील तिसरी नोंद आधीं निकालांत काढूं. तारीख व वार यांचा मेळ घालून कागद पारखण्याची रीत आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. ती येथें लावून पाहतां इ. स. १ च्या २५ डिसेंबरास रविवार येतो, शुक्रवार येत नाहीं. अर्थात् ही नोंद समकालीन आठवण नसून कोणीं तरी मागाहून बसविलेलें गणित आहे, आणि तेंहि चुकलेलें.

दुसरी नोंद मात्र फार मोलाची आहे, व तिचा काळ ठरविण्याची युक्ति मोठी चतुर आहे. हुतात्म्यांच्या यादीजवळच रोमच्या धर्माध्यक्षांच्या मृत्युदिनांची यादी आहे. ती जानेवारीपासून सुरू न होतां २७ डिसेंबरापासून सुरू होते व वर्षभर क्रमानें चालून ८ डिसेंबरास संपते. ३१ डिसेंबर ३३५ रोजीं वारलेला सिल्वेस्टर तींत आपल्या योग्य जागीं आहे. परंतु ७ ऑक्टोबर ३३६ रोजीं वारलेला मार्कस व ३५२ च्या एप्रिलांत वारलेला जूलियस हे दोघे क्रम मोडून अगदीं शेवटीं टांकले आहेत. उघड आहे कीं मूळ यादी सिल्वेस्टरच्या मृत्यूनंतर व मार्कसच्या मृत्यूपूर्वीं, म्हणजे इ. स. ३३६ मध्यें, लिहिली गेली, व पुढचीं दोन नांवें मागून जोडलीं. आणि दोन्ही याद्यांचें वर्ष डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत उघडतें, यावरून रोमच्या ख्रिस्ती मंडळींत २५ डिसेंबर हा त्या वेळीं वर्षारंभाचा सण होऊन बसला होता असें म्हणणें प्राप्त आहे. जोडलेलीं नांवें क्रमांत बसविण्याचा शहाणपणा नकलकारानें केला नाहीं, हे आपल्यावर त्याचे उपकारच समजावे.

राहिली पहिली नोंद, म्हणजे सूर्योत्सवाची. ‘अजिंक्य’ हें सूर्याचें बिरुद होतें यांत शंका नाहीं. ऑरेलियन बादशहानें इ. स. २७४ मध्यें रोमांत सूर्याचें भव्य देवालय प्रतिष्ठिलें हेंहि खरें. पण तें २५ डिसेंबरास प्रतिष्ठिलें असें कोणताहि प्राचीन लेख सांगत नाहीं. तें या एका नोंदीवरून केलेलें अनुमान आहे. याच पंचांगांत सूर्याचे दुसरे उत्सवहि आहेत, त्यांत सूर्याचें नांव स्पष्ट लिहिलें आहे, आणि ऑक्टोबरच्या २२ तारखेस तर छत्तीस शर्यती लाविल्या आहेत. सूर्याचा सर्वांत मोठा दिवस डिसेंबरांतलाच होता असें यावरून दिसत नाहीं. शिवाय ही नोंद ३५४ च्या ग्रंथांतली. तिच्यापूर्वींचा या दिवसाच्या सूर्योत्सवाचा दुसरा लेखी पुरावा नाहीं. जूलियन बादशहानें डिसेंबरच्या अखेरच्या सूर्योत्सवाविषयीं लिहिलें तें आणखी आठ वर्षांनीं, ३६२ मध्यें. ख्रिस्ती नोंद मात्र ३३६ पर्यंत मागें जाते. अर्थात् सूर्योत्सव मागाहूनचा असें यावरून आम्ही म्हणत नाहीं. तसेंहि सिद्ध होत नाहीं. उपलब्ध कागदांवरून कोणी कोणाचा दिवस घेतला हें ठरत नाहीं, एवढेंच.

मग ‘दिवस घेतला’ असें प्रथम म्हटलें कोणीं? येथें आणखी एक पोथी पुढें येते. बाराव्या शतकांत दियोनिसियस बार सलीबी नांवाचा एक सीरियन धर्माध्यक्ष होऊन गेला. तो ११७१ मध्यें वारला. त्याच्या ग्रंथाच्या एका प्रतीच्या समासांत कोणा अज्ञात हातानें एक टीप लिहिली आहे कीं, मूर्तिपूजक लोक २५ डिसेंबरास सूर्याचा जन्मोत्सव करून दिवे लावीत, ख्रिस्ती लोकहि त्यांत मिसळत, म्हणून धर्माधिकाऱ्यांनीं जन्माचा सण ६ जानेवारीवरून त्या दिवशीं आणिला. असेमानी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं ती छापिली, आणि तेथून ती पंडितांच्या लेखणींत व पुढें मुलांच्या पुस्तकांत शिरली. घडलेल्या गोष्टीनंतर आठशें वर्षांनीं, रोमापासून फार दूर, समासांत लिहिलेली ही निनांवी टीप आहे. एखाद्या उत्तरकालीन बखरीच्या कडेस असा मजकूर सांपडला असतां आपण त्यास कोणता दर्जा देऊं, याचा विचार वाचकांनींच करावा. हेर्मान उझेनर यानें १८८९ मध्यें या मतास विद्वत्तेचें बळ दिलें हें खरें. पण त्यानें टीप जुनी झाली नाहीं.

त्याच १८८९ सालीं लुई द्युशेन या फ्रेंच पंडितानें दुसरा पक्ष मांडिला. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन यानें ख्रिस्ताच्या मृत्यूचा दिवस २५ मार्च असा धरिला होता. महापुरुषाचें आयुष्य पूर्ण वर्षांचें असावें, म्हणून तो ज्या दिवशीं गेला त्याच दिवशीं मातेच्या उदरीं आला, अशी समजूत. तेथून नऊ महिने मोजले कीं २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यु ६ एप्रिलास धरीत, आणि त्यावरून ६ जानेवारी आला. हा हिशेब एका चावीनें दोन कुलुपें उघडतो, हें त्याचें मोठें बळ. आणि पांचव्या शतकाच्या आरंभीं ऑगस्टिन यानें तो जवळजवळ याच शब्दांत सांगितला आहे. त्याचें दौर्बल्य असें कीं ३३६ पूर्वीं कोणीं हा हिशेब शेवटपर्यंत मांडून दाखविल्याचा निर्विवाद लेख नाहीं. हिप्पोलिटस याच्या नांवावरील एका भाष्यांत ही तारीख आहे, पण तो पाठ क्षेपक असल्याचा संशय बळकट आहे. उलट अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा इ. स. २०० च्या सुमारास निरनिराळ्या लोकांनीं काढलेल्या जन्मतारखा सांगतो, त्यांत एप्रिलच्या आहेत, २० मे आहे. २५ डिसेंबर मुळींच नाहीं.

आमचा कल द्युशेनच्या पक्षाकडे आहे, पण तो कलच, निर्णय नव्हे. दोन्ही पक्षांत अयनाचा संबंध आहेच, कारण २५ मार्च व २५ डिसेंबर हे जूलियस सीझरच्या पंचांगाप्रमाणें विषुवदिन व दक्षिणायन संपण्याचा दिवस समजले जात. प्रत्यक्ष अयन चौथ्या शतकापर्यंत कांहीं दिवस अलीकडे सरकलें होतें, तरी लोकांच्या मनांत दिवस तोच राहिला. उत्तरायण डिसेंबरांत लागूनहि आपण संक्रांत जानेवारींत करितों, त्यास हें हुबेहूब जुळतें.

रोमाबाहेर या तारखेचा प्रसार हळूहळू झाला. अँटिओक येथें ३८६ च्या सुमारास प्रवचन करितांना क्रिसोस्टोम यानें हा सण आपणांस माहीत होऊन दहा वर्षेंहि झालीं नाहींत असें सांगितलें. आर्मेनियन धर्मसंस्था आजहि ६ जानेवारीसच जन्म व प्रकटन एकत्र साजरें करिते. रशियांतील ७ जानेवारी मात्र निराळी तारीख नव्हे; ती जुन्या सीझरच्या पंचांगांतली २५ डिसेंबरच होय, जी १५८२ च्या सुधारलेल्या पंचांगापेक्षां सध्यां तेरा दिवस मागें आहे.

मुलांचे बाकीचे प्रश्न, गोठा, झाड, आणि लाल अंगरख्याचा म्हातारा, यांस याच कसोटीवर थोडक्यांत उत्तरें देतां येतात. गोठ्याचा पुरावा उत्तम आहे : असिसीच्या फ्रान्सिसनें १२२३ मध्यें ग्रेच्चो या गांवीं बैल-गाढवासह गव्हाण मांडिली, आणि चेलानोच्या टॉमसनें तें सहा वर्षांच्या आंत लिहून ठेविलें. (गव्हाणीची कथा अर्थात् शुभवर्तमानांत पूर्वींपासून होती, मांडण्याची ही रीत लोकप्रिय झाली ती येथून.) झाडाविषयीं स्ट्रासबर्ग येथील १६०५ चें एका अनामिक प्रवाशाचें टिपण आहे, घरांत सूचिपर्णी झाडें उभीं करून त्यांस रंगीत कागदाचे गुलाब व सफरचंदें लावीत असें तो लिहितो. इंग्लंडांत झाड राणी व्हिक्टोरियाच्या पतीनें आणिलें असें सर्रास सांगतात, तें बरोबर नाहीं. राणी शार्लट हिनें १८०० मध्यें विंडसर येथें तें उभारलें होतें. १८४८ च्या एका सचित्र वर्तमानपत्रांतील राजकुटुंबाच्या चित्रानें त्याचा प्रसार मात्र झाला. म्हातारा हा मूळचा मायरा येथील धर्माध्यक्ष निकोलस. त्याच्या अस्थि १०८७ मध्यें बारीच्या खलाशांनीं इटलींत नेल्या, डच लोकांनीं त्याची आठवण अमेरिकेंत नेली, व तेथें टॉमस नास्ट या चित्रकारानें १८६३ पासून त्यास हल्लींचें लठ्ठ, दाढीवालें रूप दिलें.

शेवटीं आपल्याकडील एक गोष्ट. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवींत विस्तारानें आणणारें फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें; १६४९ व १६५४ मध्यें पुन्हा छापलें. तीनहि आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ हस्तलिखितांवरून टिकला, १९०७ मध्यें मंगळूर येथें त्या आधारें पुन्हा छापिला गेला, आणि देवनागरी लिपींतील एक प्रत पुढें लंडन येथील मार्सडेनच्या संग्रहांत डॉ. जस्टिन ॲबट यांनीं उजेडांत आणिली. छापील प्रती नाहींशा व्हाव्या आणि हातच्या नकला राहाव्या, हें विलक्षण खरें. गोमंतक, मंगळूर अथवा वसई प्रांतांतील ज्या वाचकांच्या संग्रहीं या पुराणाचीं सुटीं पानें अथवा तत्कालीन ख्रिस्ती मराठी बाडें असतील, त्यांनीं पुष्पिकेंतील तारीख, वार व लिहिणाराचें नांव यांची नक्कल करून ठेवावी; आणि समासांत कांहीं मजकूर असल्यास, कितीहि क्षुल्लक दिसला तरी, शाईचा व हाताचा फरक नमूद करून तोहि उतरून घ्यावा.